फ्रान्सला पुढचा टूर विजेता कधी मिळणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै उजाडला, बाहेर पाऊस लागला आणि संध्याकाळी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे टप्पे बघायला लोक बसले, की हे प्रश्न हमखास येतात. पॉल सेक्सास या तरुण फ्रेंच सायकलपटूचं नाव गाजू लागल्यापासून तर ते वर्षभर येतात. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले इथे एकत्र केले आहेत. उत्तरं २०२५ च्या हंगामाअखेरपर्यंतच्या निकालांवर आधारलेली आहेत.

१. टप्प्यांची शर्यत म्हणजे काय? रोज जो पहिला येतो तोच जिंकतो ना?

नाही. रोज नव्या रस्त्यावर शर्यत होते आणि प्रत्येकाला लागलेला वेळ नोंदवला जातो. सगळ्या दिवसांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. टूरमध्ये असे २१ टप्पे असतात. तीन आठवड्यांत विश्रांतीचे दिवस दोनच. बेरजेत त्या घडीला जो पुढे असतो तो दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी घालतो. एकही टप्पा न जिंकता अख्खी टूर जिंकता येते. क्रिस फ्रूमने २०१७ मध्ये तेच केलं.

डोंगरातल्या कामगिरीला ठिपक्यांची जर्सी असते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीतला 'घाटाचा राजा' ज्यांना माहीत आहे त्यांना ती वेगळी समजवावी लागत नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात झालेली पुणे ग्रँड टूरही अशीच बेरजेची शर्यत होती, फक्त लहान.

टूरइतक्याच लांबीच्या आणखी दोन शर्यती आहेत, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा. या तिन्हींना मिळून ग्रँड टूर म्हणतात.

२. शेवटचा फ्रेंच विजेता कोण? किती वर्षं झाली?

पुरुषांची टूर शेवटची जिंकणारा फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो. साल १९८५. जिरोत शेवटचा फ्रेंच विजेता लोराँ फिन्यों, १९८९. व्हुएल्टात लोराँ जालाबेर, १९९५. म्हणजे तिन्ही मोठ्या शर्यतींत मिळून तीस वर्षं एकही फ्रेंच पुरुष अव्वल आलेला नाही.

आठवड्याभराच्या शर्यतींतही हीच गत आहे, आणि हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. पॅरिस–नीस ही फ्रान्सचीच शर्यत, तिथे शेवटचा फ्रेंच विजेता जालाबेर, १९९७ चा. दोफिने ही टूरची रंगीत तालीम समजली जाते, ती शेवटची जिंकली क्रिस्तोफ मोरोने, २००७ मध्ये. एकूण टूर विजयांत मात्र फ्रान्स आजही सर्वांत पुढे आहे. ३६ विजय त्यांच्या नावावर आहेत. ज्या घरात ३६ वेळा दिवाळी झाली त्या घराला गेल्या चाळीस वर्षांचा अंधार जास्त टोचतो, यात नवल नाही.

३. पण २०२५ मध्ये फ्रेंच खेळाडूने टूर जिंकली ना? मग दुष्काळ कसला?

जिंकली, आणि जोरात जिंकली. पोलीन फेराँ-प्रेव्होने महिलांची टूर द फ्रान्स फेम जिंकली. 'चाळीस वर्षांचा दुष्काळ' असं लिहिताना 'पुरुषांच्या टूरमध्ये' हे शब्द गाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

ती शर्यत आठवून बघा. नऊ टप्पे होते. आठव्या दिवशी शेवटी कोल द ला मादलेन. जवळपास १९ किलोमीटरचा घाट आणि सरासरी चढ ८ टक्के. सिंहगडाचा चढ संपवून पुन्हा पायथ्यापासून सुरुवात करावी अशी ती लांबी, आणि रस्ता त्याहून उभा. तिथे तिने सगळ्यांना मागे टाकून पिवळी जर्सी घेतली. दुसऱ्या दिवशी आघाडी राखून बसली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं, पण शातेलचा शेवटचा टप्पाही तिने जिंकला. दुसऱ्या आलेल्या डेमी व्होलेरिंगपेक्षा ती साडेतीन मिनिटांहून जास्त पुढे होती. याआधी महिलांच्या टूरमध्ये फ्रेंच विजय मिळवला होता जानी लोंगोने, १९८७, १९८८ आणि १९८९ असा सलग तीन वर्षं.

फेराँ-प्रेव्हो २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचं सुवर्ण जिंकून रस्त्यावरच्या शर्यतींकडे परतली होती. त्याच २०२५ च्या वसंतात तिने पॅरिस–रुबे ही दगडी रस्त्यांची एक दिवसाची शर्यतही जिंकली. घाट आणि दगडी रस्ता या दोन्हींवर एकाच वर्षी राज्य करणं किती दुर्मीळ आहे, ते सायकल चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

पुढच्या उत्तरांत पुरुषांच्या शर्यतीबद्दल लिहिलं आहे, कारण प्रश्न तेच येतात.

४. इनोमध्ये असं काय होतं जे नंतरच्यांत नाही?

सगळं होतं, आणि एकाच माणसात होतं. घाट चढायचा, टाईम ट्रायल (घड्याळाविरुद्ध एकेकट्याने चालवायची शर्यत) जिंकायचा, गरज पडली तर शेवटच्या वेगाच्या झुंजीतही उतरायचा. पाच वेळा टूर (१९७८, १९७९, १९८१, १९८२, १९८५), तीन वेळा जिरो, दोन वेळा व्हुएल्टा. १९८० ची लिएज–बास्तोन–लिएज ही एक दिवसाची शर्यत बर्फ पडत असताना झाली. बहुतेकांनी माघार घेतली. इनोने ती नऊ मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली, आणि त्या थंडीने त्याच्या दोन बोटांची संवेदना कायमची बिघडली. १९८५ च्या टूरमध्ये सेंत-एतिएनला तो पडला, नाक मोडलं, आणि त्याच चेहऱ्याने त्याने पॅरिसपर्यंत पिवळी जर्सी नेली.

तो ब्रिटनीचा. फ्रेंच लोक त्याला 'ब्लेरो' म्हणत, म्हणजे बिज्जू. कोपऱ्यात सापडला की चावणारच असा प्राणी. त्याच्यानंतर आलेले बहुतेक एका गोष्टीत उत्तम होते. कुणी चढात, कुणी उतारात, कुणी धाडसी हल्ल्यांत. तीन आठवड्यांच्या बेरजेत कमकुवत बाजू लपत नाही.

५. १९८९ ची 'आठ सेकंदं' म्हणजे काय प्रकरण आहे?

टूरच्या इतिहासात पहिल्या आणि दुसऱ्यातलं सर्वांत कमी अंतर. फिन्यों याआधी १९८३ आणि १९८४ ची टूर जिंकलेला होता. १९८९ च्या शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किलोमीटरची टाईम ट्रायल होती आणि तो अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडपेक्षा ५० सेकंदांनी पुढे होता. एवढ्या कमी अंतरात ५० सेकंदं जाणार नाहीत असं बहुतेकांनी धरलं होतं.

लेमाँडने हँडलला पुढे आलेले एअरो दांडे लावले होते, कोपर टेकवून अंग आखडून बसता येईल असे. डोक्यावर लांबट हेल्मेट होतं. फिन्यों नेहमीसारखा निघाला. हेल्मेट नाही, चष्मा आणि मागे वाऱ्यावर उडणारा पोनीटेल. त्यात सीटवर बसूनबसून झालेल्या जखमेने तो बेजार होता. त्याने ५८ सेकंदं गमावली. ५० वजा जाता उरली ती ही आठ.

फिन्योंने सायकल वाईट चालवली नव्हती, हे आवर्जून सांगायला हवं. त्या टप्प्यात तो तिसरा आला. बाकीच्या कुणाहीविरुद्ध असा दिवस पुरला असता. तो २०१० मध्ये कर्करोगाने गेला. त्याच्या नावाआधी लोक अजूनही त्या आठ सेकंदांची आठवण काढतात. मला त्याच्या दोन टूर आणि १९८९ ची जिरो आधी आठवावी असं वाटतं.

६. त्यानंतर जवळ कोण कोण आलं?

रिशार विरांक १९९७ मध्ये दुसरा. पुढच्याच वर्षी त्याचा संघ उत्तेजकांच्या प्रकरणात सापडला (प्रश्न ९). मग १७ वर्षं पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, एकही फ्रेंच नाही.

२०११ मध्ये तोमा व्होक्लेरने दहा दिवस पिवळी जर्सी राखली आणि चौथा आला. २०१४ मध्ये ज्याँ-क्रिस्तोफ पेरो दुसरा आणि तिबो पिनो तिसरा. आधी टूर जिंकलेले फ्रूम आणि काँतादोर दोघंही त्या वर्षी पडून बाहेर गेले होते. रोमाँ बार्दे २०१६ मध्ये दुसरा आणि २०१७ मध्ये तिसरा.

बार्देचं २०१७ नीट बघा, त्यात सगळ्या कहाणीचं सार आहे. शेवटून दुसऱ्या दिवशी तो फ्रूमच्या फक्त २३ सेकंद मागे होता. मार्सेलमध्ये २२.५ किलोमीटरची टाईम ट्रायल झाली आणि तो दोन मिनिटं वीस सेकंदांवर गेला. तिसरी जागासुद्धा एका सेकंदाने वाचली. तीन आठवडे घाटाघाटांतून जमवलेलं अर्ध्या तासात गेलं. दाविद गोदू २०२२ मध्ये चौथा आला, पण तेव्हा पहिल्या दोघांच्या जवळपासही कुणी नव्हतं.

७. २०१९ मध्ये पिनोला नक्की काय झालं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. मी तो टप्पा थेट पाहिला होता आणि आजही त्याविषयी लिहिताना जड जातं.

त्या वर्षी पिनो घाटात सगळ्यांहून सरस दिसत होता. आल्बीच्या टप्प्यात आडव्या वाऱ्याने घोळका फुटला आणि त्याचे १ मिनिट ४० सेकंद गेले, ते त्याने पिरेनीजमध्ये वसूल करायला घेतले. तूर्मालेचा टप्पा जिंकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या दावेदारांना मागे टाकलं. आल्प्स यायचे होते आणि पहिल्या क्रमांकावरच्या खेळाडूपासून तो दोन मिनिटांच्या आत होता. फ्रेंच पत्रकारांपासून ते रस्त्याकडेला खडूने नाव लिहिणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांना वाटलं, आता होणार.

सतराव्या टप्प्यात कुणाचं तरी पडणं चुकवताना त्याचा गुडघा हँडलवर आपटला. डाव्या मांडीचा गुडघ्याजवळचा स्नायू दुखावला. एकोणिसाव्या टप्प्यात, सुरुवातीच्या साध्या रस्त्यावरच तो मागे पडू लागला. सहकारी विल्यम बोने शेजारी आला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. पिनो पेडल मारत रडत होता. मग तो थांबला आणि संघाच्या गाडीत बसला.

त्याच टप्प्यात पुढे गारपीट झाली, दरड कोसळली आणि शर्यत मध्येच थांबवावी लागली. इझराँ घाटाच्या माथ्यावरचे वेळ धरले गेले आणि २२ वर्षांच्या एगान बेर्नालकडे पिवळी जर्सी गेली. पिनो धडधाकट असता तर जिंकला असता का, याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. जिंकण्याच्या ताकदीने तो तिथे पोहोचला होता, एवढं मी ठामपणे म्हणेन.

८. त्याच वर्षी फ्रान्सच्याच जुलियाँ आलाफिलीपकडे १४ दिवस पिवळी जर्सी होती. मग त्याला दावेदार का धरत नाहीत?

कारण तो एक दिवसाच्या शर्यतींचा खेळाडू आहे, आणि त्यात तो दोन वेळा जगज्जेता झाला. छोट्या, उभ्या चढावर त्याची झेप जबरदस्त. पण दोन हजार मीटरच्या वरचे लागोपाठ घाट तिसऱ्या आठवड्यात वेगळं शरीर मागतात. २०१९ मध्ये तो अखेर पाचवा आला. जर्सी राखणं आणि टूर जिंकणं यातला फरक समजायला व्होक्लेर आणि आलाफिलीप ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

९. फ्रान्स मागे का पडला? बाकीचे उत्तेजकं घेत होते म्हणून का?

अंशतः होय, पण सगळा दोष तिथे टाकून मोकळं होता येत नाही.

१९९८ मध्ये फेस्टिना संघाची उत्तेजकांनी भरलेली गाडी फ्रान्स–बेल्जियमच्या सीमेवर पकडली गेली. त्यानंतर फ्रान्समध्ये सायकलपटूंची कायमस्वरूपी वैद्यकीय तपासणी सुरू झाली आणि फ्रेंच संघांवर लक्ष कडक झालं. इतर देशांत तेवढी कडकाई लगेच आली नाही. पुढच्या सात टूर लान्स आर्मस्ट्राँगच्या नावावर लागल्या आणि नंतर त्या काढून घेतल्या गेल्या. त्या काळातल्या प्रामाणिक फ्रेंच खेळाडूचं नुकसान झालं, हे खरंच आहे.

पण त्यानंतरचं काय? ब्रिटिश संघाने टाईम ट्रायल, आहार, उंचावरचे सराव वर्ग यांचं शास्त्र बसवलं. फ्रेंच संघ बराच काळ एका टप्प्याच्या विजयावर खूश राहिले. घरच्या टूरमध्ये, घरच्या प्रायोजकाला, एक टप्पा जिंकून दाखवला की वर्ष सार्थकी लागायचं. गुणी पोरांना लहानपणापासून चढ आणि धाडसी हल्ले शिकवले, घड्याळाविरुद्धचं एकाकी झुंजणं कमी शिकवलं. आणि सायकलिंग आता जगभर पोहोचलं आहे. इनोच्या काळात कोलंबियातून नुकते खेळाडू येऊ लागले होते. स्लोव्हेनिया हा स्वतंत्र देशच नव्हता.

१०. पैशाचा प्रश्न किती मोठा आहे?

मोठा आहे. अमिरातीच्या पैशावर उभ्या असलेल्या संघात स्लोव्हेनियाचा टूर विजेता तादेय पोगाचार याच्या मदतीला येणारे खेळाडू दुसरीकडे स्वतः कर्णधार झाले असते. शिवाय फ्रान्समध्ये नोंदलेल्या संघाला पगारावर सामाजिक सुरक्षेचं भरघोस योगदान द्यावं लागतं, त्यामुळे तेवढ्याच पैशात कमी खेळाडू येतात. आता चित्र थोडं बदलतंय. सेक्सासच्या संघामागे डेकॅथलॉन आहे, आपल्याकडच्या शहरांत जिची दुकानं आहेत तीच. २०२६ पासून जहाज कंपनी सीएमए सीजीएमही आली आहे.

११. हा पॉल सेक्सास कोण? एवढी चर्चा का?

लिओंचा मुलगा, जन्म २४ सप्टेंबर २००६. २०२४ मध्ये झुरिकला ज्युनियर गटात टाईम ट्रायलचा जगज्जेता झाला आणि २०२५ मध्ये थेट सर्वोच्च पातळीच्या संघात आला. अठराव्या वर्षी दोफिनेत आठवा. ऑगस्टमध्ये तूर द लाव्हनीर ही तरुणांची शर्यत जिंकली. ऑक्टोबरमध्ये युरोपियन अजिंक्यपदाच्या रोड रेसमध्ये तिसरा, आणि त्याच्या पुढे होते फक्त पोगाचार आणि एव्हनपूल. आठवड्याभरात लोम्बार्दिया या एक दिवसाच्या शर्यतीत सातवा.

यात माझं लक्ष सर्वांत आधी जातं ते ज्युनियर टाईम ट्रायलकडे. चढणारे फ्रेंच पोरगे दर पिढीत आले. घड्याळाविरुद्ध जगज्जेता होऊन आलेला आणि चढणाराही, असा मात्र फार वर्षांनी दिसतोय. बार्देचं मार्सेल (प्रश्न ६) आठवलं की यातला फरक कळतो.

१२. तूर द लाव्हनीर जिंकणारा पुढे टूर जिंकतोच का?

नाही. ही २३ वर्षांखालच्यांची शर्यत आहे. बेर्नालने ती २०१७ मध्ये जिंकली आणि दोन वर्षांत टूर. पोगाचारने २०१८ मध्ये, आणि त्यालाही दोनच वर्षं लागली. पण वॉरेन बार्गीनेही ती २०१२ मध्ये जिंकली होती आणि गोदूने २०१६ मध्ये. दोघांनी नाव कमावलं, टूर नाही. नैरो किंताना २०१० चा विजेता. त्याने जिरो आणि व्हुएल्टा जिंकल्या, टूर हातून निसटत राहिली.

१३. पोगाचारने २१ व्या वर्षी टूर जिंकली. मग सेक्सासला जपून का आणायचं?

कारण पोगाचार स्लोव्हेनियाचा होता. २०२० मध्ये तो आला तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्या देशबांधवावर, रोग्लिचवर होत्या. फ्रेंच मुलाला टूरमध्ये तेवढी शांतता मिळत नाही. रोज पत्रकार, रोज कॅमेरे, रस्त्यावर प्रत्येक वळणाला त्याच्या नावाचे फलक. पिनोने या ओझ्याबद्दल कधी लपवाछपवी केली नाही. तो अखेर २०२३ मध्ये निवृत्त झाला. त्या वर्षी वोज डोंगरातल्या पती बालाँ घाटावर, त्याच्या गावापासून जवळच, एक अख्खं वळण त्याच्या चाहत्यांनी भरून टाकलं होतं. त्या गर्दीतून तो एकटा पुढे निघाला तेव्हाचं दृश्य फार सुंदर होतं, आणि त्यात कुणी त्याच्याकडे पिवळी जर्सी मागत नव्हतं.

२०२५ मध्ये सेक्सासच्या संघाने त्याला टूरला नेलं नाही. मला तो निर्णय योग्य वाटला. तीन आठवड्यांच्या शर्यतीची सवय शरीराला एकेक वर्षाने लागते. एका जुलैच्या हट्टापायी दहा जुलै गमावण्यात अर्थ नाही.

१४. सेक्सास सोडून दुसरं कुणी?

केविन वोक्लाँ. २०२५ च्या टूरमध्ये सातवा, त्याआधी टूर द स्विसमध्ये दुसरा. नॉर्मंडीचा. त्याच्याच मुलखात, काँ शहरातल्या ३३ किलोमीटरच्या टाईम ट्रायलमध्ये तो पाचवा आला होता.

लेनी मार्तिनेझ घाटांचा खेळाडू. आजोबा मारियानो यांनी १९७८ मध्ये टूरची ठिपक्यांची जर्सी जिंकली, वडील मिगेल सिडनी ऑलिंपिकचे माउंटन बाइक विजेते. लेनीने वीसाव्या वर्षी व्हुएल्टात आघाडीवीराची लाल जर्सी घातली. २०२५ च्या टूरमध्ये जॉर्दां जेगा दहावा आला, तर व्हालाँतँ पारे-पँत्रने व्हाँतूचा टप्पा जिंकला. यांच्यापैकी कुणी पोडियमवर आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

१५. आयोजक फ्रेंच आहेत. घरच्या खेळाडूला सोयीचा मार्ग आखता येत नाही का?

लोकांना वाटतं तेवढं नाही. टाईम ट्रायल कमी केल्या की चढणाऱ्यांना फायदा, हे उघड आहे. २०१५ मध्ये एकट्याने धावायची टाईम ट्रायल जेमतेम १३.८ किलोमीटरची होती. पिनोने त्या वर्षी आल्प दुएझचा टप्पा जिंकला, पण टूर जिंकली फ्रूमने. चांगला खेळाडू कुठल्याही मार्गावर चांगलाच असतो.

१६. परदेशी संघातून खेळून फ्रेंच खेळाडू जिंकला तर तो विजय फ्रान्सचा धरायचा का?

धरायचाच. टूर आज प्रायोजकांच्या संघांची आहे, देशांची नाही. फेराँ-प्रेव्हो (प्रश्न ३) डच संघाकडून जिंकली, आणि तेव्हा फ्रान्समधल्या कुणीही आनंद आवरता घेतला नाही. वोक्लाँही २०२६ पासून ब्रिटिश संघात आहे.

१७. विजेत्याचं जेतेपद काढून घेतलं तर दुसरा आलेला विजेता होतो का? असं करून एखादा फ्रेंच विजेता निघत नाही का?

कधी होतो, कधी नाही. आर्मस्ट्राँगच्या सात टूर रिकाम्याच ठेवल्या गेल्या, कुणालाही दिल्या नाहीत. २००६ ची ऑस्कर परेरोला आणि २०१० ची आंडी श्लेकला मिळाली. २०११ मधून काँतादोरचा निकाल रद्द झाला, पण तो पाचवा होता, त्यामुळे चौथा आलेला व्होक्लेर चौथाच राहिला. १९८५ नंतर या वाटेने फ्रेंच विजेता निघालेला नाही.

पण फार मागे गेलं तर एक निघतो. १९०४ च्या दुसऱ्याच टूरमध्ये लबाडी इतकी झाली की मोरिस गारँसह पहिल्या चौघांना बाद केलं गेलं आणि पाचवा आलेला आंरी कोर्ने विजेता ठरला. तो तेव्हा १९ वर्षांचा होता. टूरचा सर्वांत लहान विजेता आजही तोच आहे, आणि तो फ्रेंच होता.